पाहिल्याविना केलेली सही

गेल्या डिसेंबरातील गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून मी कार्यालयाचे दार लावीत होतो, तोच एक जुने परिचित गृहस्थ पायऱ्या चढून आले. आमच्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहास्तव ते नागपूरला गेले आणि एका आठ मजली इमारतीत सदनिका घेऊन राहू लागले. नाताळापूर्वी एकदा तरी जुन्या धर्मग्रामात येऊन जायचे, हा त्यांचा नेम आहे. पुढे जे लिहीत आहे ते पापनिवेदनातील नव्हे. ते माझ्यासमोर खुर्चीवर बसून, चहा घेत बोलले आणि हे लिहिण्यास त्यांची अनुमती आहे.

त्यांच्या गृहनिर्माण संस्थेने त्यांना सचिव केले होते. लष्करी शिस्तीचा माणूस, हिशेबाला चोख, म्हणून सर्वांनीच आग्रह धरला. आता जानेवारी जवळ आला होता. इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत आहेत, असे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करावयाचे होते. ते देणाऱ्या एका यंत्रणेचा माणूस येऊन गेला होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही त्रास घेऊ नका. पैसे द्या, कागद घरपोच येईल." तपासणीचे काय, असे विचारल्यावर तो नुसता हसला. आजवर हे असेच होत आले होते. कार्यकारी समितीतील इतर चौघांनीही मान डोलावली. आता या गृहस्थांच्या सहीने संस्थेचा अर्ज जायचा होता.

"फादर," ते म्हणाले, "इमारत काही पडत नाही, आग काही लागत नाही. कोणाचं नुकसान होत नाही. मग माझ्या मनाला हे का टोचतं? यात पाप आहे का, ते तुम्ही सांगा."

मी दमलो होतो. नाताळाच्या तयारीची घाई होती. मी म्हणालो, "समितीनं बहुमतानं ठरवलं आहे ना? मग तुम्ही एकट्यानंच ते मनाला का लावून घेता?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "भांडारात आम्ही पेटी उघडून पाहिल्याशिवाय सही करत नसू, फादर," एवढेच म्हणाले आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

ते गेले आणि मला चुकल्यासारखे वाटू लागले. माणूस प्रश्न घेऊन आला होता आणि मी त्याला केवळ त्यातून पळवाट दाखविली होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या सायंकाळी मी त्यांना जे उत्तर द्यावयास हवे होते, ते शोधण्याचा प्रयत्न आहे.

पुलगावसारख्या लहान गावातील धर्मगुरूने उंच इमारतींविषयी का लिहावे, असा प्रश्न कोणास पडेल. आमच्या गावात तशा इमारती फारशा नाहीत. परंतु आमची मुले आज नागपूर, पुणे, ठाणे, वसई-विरार येथे चौथ्या, सातव्या, बाराव्या मजल्यावर राहतात आणि सुट्टीत आपण आई-बाप तेथे जाऊन निजतो. शिवाय धोक्याच्या शेजारी राहणे म्हणजे काय, हे पुलगावला कोणी शिकवावयास नको. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर भांडारात जो भडका उडाला, त्या वेळी आसपासच्या गावांतील लोकांना रातोरात घरे सोडावी लागली. मृतांमध्ये दोन सेनाधिकारी होते आणि आग विझविण्यास धावलेले अग्निशमन जवानही होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला आणि त्यातही माणसे गेली. म्हणून या गावातील निवृत्त माणूस जेव्हा "पेटी उघडून पाहिल्याशिवाय" म्हणतो, तेव्हा त्या शब्दांमागे एक आयुष्य असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय?

सेमिनरीत असताना आम्हांला भारतीय दर्शनांचा अभ्यास होता. त्यात न्यायदर्शनाने मनावर जो ठसा उमटविला, तो अद्याप पुसला गेलेला नाही. 'प्रमाण' म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. नैयायिकांनी अशी चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातील 'शब्द' म्हणजे कोणाचेही बोलणे नव्हे. ते 'आप्ता'चे बोलणे असावे लागते. आणि आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनाच्या विवेचनाचे सार असे, की ज्याने वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ असो. म्हणजे दोन अटी झाल्या: पाहिलेले असावे आणि पाहिले तसेच सांगावयाचे असावे. यांतील एक जरी ढळली, तरी तो शब्द प्रमाण राहत नाही.

'प्रमाणपत्र' हा शब्द आपण रोज वापरतो. परंतु त्याच्या पोटात हे सारे दडलेले आहे. ज्याला इमारतीतील पंपाचे ज्ञान नाही, खांबातील लोखंड गंजले आहे की नाही हे जो पाहू शकत नाही, त्या सामान्य रहिवाशासाठी कोणीतरी जाणकाराने पाहावे आणि 'मी पाहिले' असे लिहून द्यावे, एवढाच त्या कागदाचा अर्थ आहे. सहावीतील मुलगी रात्री वह्या मिटून निजते, ती या विश्वासावर. म्हणून न पाहता दिलेले प्रमाणपत्र हे कमी दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. ते प्रमाणपत्रच नव्हे.

आपल्या कार्यालयीन मराठीने येथे एक मोठी सोय करून ठेवली आहे. "प्रमाणित करण्यात येते की" अशी त्या कागदांची सुरुवात असते. कोणाकडून करण्यात येते? वाक्यातून कर्ता दिसेनासा झाला की विवेकबुद्धीलाही झोप लागते. त्याऐवजी "मी गच्चीवर गेलो, पंप चालू करून पाहिला, पाणी आठव्या मजल्यावर आले" असे लिहावयाचे ठरविले, तर किती जणांचे हात थबकतील!

माझ्या परिचित गृहस्थांचा युक्तिवाद असा होता, की नुकसान होत नाही. समजा, तो पंप खरोखरच उत्तम चालत असेल. मग न पाहता केलेली सही खरीच ठरली नाही का? या प्रश्नाचे उत्तर संत ऑगस्टिनने इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस खोटेपणावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात शोधले होते. त्याच्या मते खोटेपणा वस्तूवरून नव्हे, तर बोलणाऱ्याच्या मनावरून ठरतो. एखादी असत्य गोष्ट सत्य समजून जो सांगतो तो चुकतो, पण तो खोटारडा नव्हे. उलट, मनात एक ठेवून जो दुसरेच सांगतो, त्याचे बोलणे योगायोगाने खरे निघाले तरी तो खोटेच बोलला. आपल्या प्रकरणाला हे तंतोतंत लागू पडते. "पंप चालू आहे" हे विधान कदाचित खरे असेल. परंतु "मी तपासले" हे विधान मात्र निश्चितपणे खोटे आहे, आणि त्या कागदावर खरी सही या दुसऱ्या विधानाखाली असते. इमारत शंभर वर्षे उभी राहिली, तरी ते खोटे खरे होणार नाही.

दुसरा युक्तिवाद माझा स्वतःचा होता. समितीने ठरविले आहे, तुम्ही एकटे नाही. मला वाटते, आपल्या काळातील हा सर्वांत सोयीचा युक्तिवाद आहे. बांधणारा म्हणतो, आराखडा अभियंत्याचा होता. अभियंता म्हणतो, मंजुरी कार्यालयाने दिली. कार्यालय म्हणते, सादर झालेल्या कागदांवर विसंबून दिली. संस्था म्हणते, यंत्रणेने प्रमाणपत्र दिले. यंत्रणा म्हणते, संस्थेलाच कागद हवा होता, तपासणी नको होती. आणि रहिवासी म्हणतो, आम्हांला यातले काय कळते? प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे आणि तरीही पंप बंदच असतो. नीतिशास्त्रात दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाचे अनेक प्रकार सांगितले आहेत: आज्ञा देऊन, संमती देऊन, गप्प राहून, अडविणे शक्य असता न अडवून. या यादीत 'बहुमताने' अशी सूट कोठेही नाही. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत आपण केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो, ती उगाच नव्हे.

धर्मशास्त्रात या विषयाला थेट हात घालणारा एक नियम आहे आणि तो आपण क्वचितच वाचतो. अनुवादाच्या पुस्तकात बाविसाव्या अध्यायात, पाखराच्या घरट्याविषयीचा नियम संपतो आणि मिश्र बियाण्याचा नियम सुरू होतो, त्यांच्या मध्ये एकच वचन येते. त्याचा आशय असा, की नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. नाहीतर तेथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशात घरे धाब्याची असत. माणसे धाब्यावर निजत, धान्य वाळवीत, पाहुण्यांना बसवीत. म्हणून धाब्याचा कठडा हा त्या काळाचा अग्निसुरक्षेचा पंपच म्हणावयास हवा.

या नियमातील तीन गोष्टी मला विचार करावयास लावतात. पहिली, आज्ञा घराच्या मालकाला आहे. केवळ गवंड्याला नाही. दुसरी, पडणारा 'कोणीही' आहे. तो मालकाचा मुलगाच असेल असे नाही, तो दूधवाला असेल, वाट चुकलेला पाहुणा असेल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, कठडा कोणी पडण्यापूर्वी बांधावयाचा आहे. त्याहूनही प्राचीन अशा बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या संहितेत, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहान्त शिक्षा आणि मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहान्त शिक्षा सांगितली होती. तेथे न्याय मृत्यूनंतर सुरू होतो आणि निरपराध मुलापर्यंत पोहोचतो. कठड्याचा नियम मात्र मृत्यूची वाट पाहत नाही. कोणी पडला नाही तरी कठड्यावाचून उभे असलेले घर दोषी आहे.

महाराष्ट्राच्या कायद्यानेही हीच दिशा घेतली आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ यानुसार आग प्रतिबंधाची साधने बसविणे व ती चालू ठेवणे ही जबाबदारी मालकाची अथवा भोगवटादाराची आहे. परवानाप्राप्त यंत्रणेने साधने तपासून दिलेले प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावे लागते. सोसायट्यांतून सर्रास ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात तो हाच. वर्षातून दोनदा का? कारण पंप गंजतो, नळकांड्यातील दाब उतरतो, कोणीतरी झडप बंद करून विसरते. प्रमाणपत्र त्या दिवसापुरते खरे असते. इमारतीच्या सांगाड्याचेही तसेच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावे, असे सांगितले आहे. माणसाचे वय वाढले की आपण त्याचा रक्तदाब वरचेवर तपासतो, त्यातलाच हा प्रकार.

नियम असूनही जे घडते ते आपण वाचत आलो आहोत. २२ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत ताडदेव येथील कमला या वीस मजली इमारतीच्या वरच्या मजल्यांना आग लागली आणि किमान सहा जण मृत्यू पावले. इमारतीतील अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत नव्हती, असे त्या वेळी पुढे आले. त्याआधी २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साई सिद्धी ही इमारत कोसळून सतरा जण गेले. तेथे तळमजल्यावरील फेरबदलांत आधाराचे खांब तोडल्याचा आरोप झाला. आपल्या सदनिकेतील भिंत आपली आणि खांबही आपलाच, असे मानणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. उंच इमारतीत 'माझे घर' असे संपूर्णपणे काही नसतेच. माझी जमीन ही खालच्याचे छत असते आणि माझ्या घरातून जाणारा खांब वरच्या सातही कुटुंबांना पेलीत असतो.

येथे मात्र एका मोहापासून सावध राहावयास हवे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून चौऱ्याहत्तर माणसे मेली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरारमधील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि सतरा जण गाडले गेले. त्या रात्री तेथे एका लहानगीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. अशा वेळी सुरक्षित घरात बसून आपण सहज म्हणतो, "अनधिकृत इमारतीत राहावेच कशाला?" सिलोआमचा बुरूज अठरा जणांवर कोसळला, तेव्हा येरुशलेमच्या लोकांनीही बहुधा असेच काहीसे म्हटले असावे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू त्या दुर्घटनेचा उल्लेख करतो, मेलेले इतरांहून अधिक दोषी होते का, असे विचारतो आणि स्वतःच नकार देतो. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळून त्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन करतो. मेलेल्यांचे पाप मोजू नका, जिवंत आहात तोवर स्वतःकडे पाहा, असा तो रोख आहे. माणसे अनधिकृत इमारतीत राहतात, कारण आयुष्याची पुंजी तेवढ्यालाच पुरते. त्यांना तेथे विकून जो निघून गेला आणि ज्याने पाहूनही न पाहिल्यासारखे केले, दोष त्यांच्याकडे शोधावा.

यातूनच खरा कठीण आक्षेप पुढे येतो, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. सुरक्षितता खर्चिक आहे. पंप बदलणे, नळ बदलणे, गंजलेले लोखंड उघडे करून दुरुस्त करणे, याला लाखो रुपये लागतात. इमारतीत पगारदार असतात तशा एखाद्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवाही असतात. "आगीनं मरायचं तेव्हा मरेन, पण हे वीस हजार आज कुठून आणू?" असे तिने विचारले तर नीतिशास्त्राचे कोणते पुस्तक तिच्यासमोर उघडावे?

माझे उत्तर असे आहे, की तिचा प्रश्न खरा आहे, परंतु खोटे प्रमाणपत्र हे त्याचे उत्तर नव्हे. खोट्या कागदाने तिचे वीस हजार वाचत नाहीत. तिचा धोका फक्त तिच्या नकळत वाढतो. शिडी धरून उतरू न शकणारी, लिफ्ट बंद पडल्यावर सर्वांत मागे राहणारी तीच असते. म्हणून न्याय खर्च टाळण्यात नसून तो कसा वाटून घ्यावा यात आहे. उपविधींनी दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड दरवर्षी बाजूला ठेवावयास सांगितला आहे, तो याचसाठी. देखभालीचा हप्ता शंभर रुपयांनी वाढला की सभेत आरडाओरडा करणारे आपणच असतो आणि पंधरा वर्षांनी एकदम लाखांची मागणी आली की त्या विधवेच्या नावाने गळा काढणारेही आपणच.

श्रीमंत देशांत हे प्रश्न नसतात, असेही समजू नये. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत सार्वजनिक मालकीची होती आणि तेथे बहुतांशी सामान्य उत्पन्नाची कुटुंबे राहत. नूतनीकरणात तिच्या बाहेरून जे आच्छादन बसविले, ते ज्वलनशील होते. १४ जून २०१७ च्या पहाटे एका स्वयंपाकघरातील आग त्या आच्छादनावरून वर चढत गेली आणि बाहत्तर जणांचा बळी गेला. रहिवाशांनी धोक्याविषयी आधीच लिहिले होते; त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही. चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता, असे त्यात सांगितले आहे आणि वस्तू विकणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांविषयी केलेल्या अप्रामाणिकपणावर स्पष्ट ठपका आहे. तेथेही कागदांची कमतरता नव्हती.

त्यानंतर इंग्लंडमध्ये २०२२ साली इमारत सुरक्षेचा नवा कायदा झाला. अठरा मीटर वा सात मजल्यांपासून पुढच्या निवासी इमारतीची नोंदणी करावी लागते. तिच्यासाठी जबाबदार कोण, हे नावानिशी ठरवावे लागते. नियामकाने सांगितले, की अठ्ठावीस दिवसांत प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा लागतो. आग पसरण्याचे व सांगाडा ढासळण्याचे धोके कोणते आहेत, त्यांवर काय उपाय केले आहेत आणि रहिवाशांचे म्हणणे ऐकण्याची काय व्यवस्था आहे, हे त्यासोबत सांगावे लागते. मिळालेले प्रमाणपत्र इमारतीत सर्वांना दिसेल असे लावावयाचे असते. त्या कायद्याची अंमलबजावणी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्यातील एक विचार मला मोलाचा वाटतो. अर्ज करणे म्हणजे 'आमची इमारत सुरक्षित आहे' असे म्हणणे नव्हे. 'ती सुरक्षित आहे हे आम्हांला कशावरून ठाऊक आहे' ते सांगणे होय. नैयायिकांनी विचारलेला प्रश्न हाच होता.

हे सारे लिहीत असताना एक जुनी गोष्ट वारंवार आठवत राहिली आणि ती लपवून ठेवली तर हा लेखही न पाहता केलेल्या सहीसारखाच होईल. काही वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या धर्मग्रामात असताना शाळेच्या इमारतीविषयीचा एक कागद माझ्यासमोर आला होता. अग्निशामक नळकांडी जागच्या जागी असून चालू स्थितीत आहेत, असे त्यात लिहिले होते. मी जेवावयास निघालो होतो. उभ्याउभ्याच सही केली. ती नळकांडी जागच्या जागी होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. त्या शाळेत चारशेहून अधिक मुले होती. पुढे ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके गेली. ती बातमी वाचताना मला त्या कागदाची आठवण झाली नव्हती. ती झाली या डिसेंबरात, एका निवृत्त माणसाने चहाचा कप खाली ठेवला तेव्हा. सहज उत्तर माझ्या तोंडी का आले, तेही मग उमगले. त्यांना दाखविलेली पळवाट माझ्या पायाखालची होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला आणि माझे शब्द मागे घेतले. ते म्हणाले, "फादर, मी काल रात्रीच गच्चीवर जाऊन आलो."

जानेवारीच्या अखेरीस त्यांचे पत्र आले. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी होती. टाकीची झडप गंजून घट्ट बसली होती. पाचव्या मजल्यावरील पाण्याच्या पाइपाच्या पेटीत झाडू ठेवलेले होते, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात दोन सायकली व चपलांचे कपाट होते. पंपाविषयी त्यांनी पहारेकऱ्याला विचारले. तो सहजपणे म्हणाला, "सायेब, मी आलो तवापासून हा पंप काही चालला नाई." तो येऊन चार वर्षे झाली होती. त्या चार वर्षांत आठ प्रमाणपत्रे सादर झाली होती.

सर्वसाधारण सभेत वाद झाला. "तुम्हीच एकटे हरिश्चंद्र का?" असेही एकाने विचारले. अखेर त्यांनी घरपोच प्रमाणपत्र घेतले नाही. पंप बंद आहे, दुरुस्तीचे काम दिले आहे, तपासणीनंतर प्रमाणपत्र सादर करू, असे खरे पत्र त्यांनी संबंधित कार्यालयास लिहिले. त्यावर नोटीस आली. खरे लिहिल्याबद्दल प्रथम नोटीसच येते, हे त्यांनी विनोदाने लिहिले आहे. खर्चाचा काही भाग दुरुस्ती निधीतून निघाला, उरलेला वर्गणीतून. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा हिस्सा दोन कुटुंबांनी भरला आणि त्यांची नावे सचिवांनी कोणास सांगितली नाहीत. मार्चमध्ये पंप बसला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सेहून परतल्यावर, ते स्वतः तो पाच मिनिटे चालवून पाहतात. आवाजाने झोपमोड होते, अशी तक्रार काही जणांनी केली आहे.

वाचकहो, आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी एखाद्या संस्थेच्या समितीवर असतील, शाळेच्या वा सभागृहाच्या व्यवस्थापनात असतील. जे नसतील ते निदान रहिवासी आहेत आणि आपल्या इमारतीचे प्रमाणपत्र दाखवा, असे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. येत्या जुलैत किंवा जानेवारीत असा कागद समोर आला, तर लेखणी उघडण्यापूर्वी एकदा जिना चढून गच्चीपर्यंत जा. वाटेत काय अडले आहे ते पाहा, पंप चालू करावयास सांगा आणि पाणी येईपर्यंत थांबा. मीही आमच्या येथील शाळेच्या व सभागृहाच्या नळकांड्यांवरील तारखा गेल्या आठवड्यात स्वतः वाचल्या. दोन नळकांड्यांची मुदत संपलेली होती. ती बदलण्यास दिली आहेत आणि ती परत येईपर्यंत तो कागद माझ्या टेबलावर, सहीवाचून, पडून आहे.